एकाच ठोक्यात कापणं आणि घडवणं: कॉम्बिनेशन डायची पार्श्वभूमी

कॉम्बिनेशन डाय म्हणजे पत्रा एकाच ठोक्यात कापून त्याला आकारही देणारा साचा. आधी ही दोन कामं वेगळी व्हायची. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साजाची पानं घडवायची जुनी रीत बघा. ठशावर पातळ पत्रा ठेवून ठोकला की नक्षी उठते. कडेचा जादा पत्रा नंतर कात्रीनं काढायचा आणि पोकळीत लाख भरायची. टांकसाळीत क्रम उलटा, म्हणजे आधी चकती आणि मग छाप. 1788 च्या सुमारास मॅथ्यू बोल्टननं बर्मिंगहॅमजवळ वाफेवरचे प्रेस लावले आणि वेग वाढला, पण कापणं आणि छापणं वेगळंच राहिलं.

दोन्ही कामं एकत्र आली ती डब्यांमुळे. पीटर ड्युरँडनं डबाबंद अन्नाचं पेटंट 1810 मध्ये घेतलं, तेव्हा झाकणं कारागीर हातानं कापत आणि कडा वळवत. मागणी वाढल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत झाकण कापून त्याची कड लगेच वळवणाऱ्या डाय आल्या.

कॉम्बिनेशन डायची खरी करामत वरच्या पोकळ पंचात (पत्र्यावर दाबला जाणारा भाग) आहे. त्याची बाहेरची धार चकती कापते आणि आतली गोलसर कड तीच चकती खालच्या बाजूच्या मधल्या ड्रॉ पंचावर (आकार देणारा ठोकळा) ओढून वाटी करते. बाहेरून पंच, आतून डाय, म्हणजे साच्याची पोकळी! खालचं प्रेशर पॅड स्प्रिंग, रबर किंवा हवेच्या जोरावर पत्रा दाबून धरतं. दाब कमी पडला तर सुरकुत्या, जास्त झाला तर वाटी तळाच्या कोपऱ्यात फाटते. शिवाय पंच आणि डाय यांच्यातले गॅप दोन वेगळे सांभाळायचे: 1 मिमी माइल्ड स्टील कापायला एका बाजूला साधारण 0.05 ते 0.1 मिमी, ओढायला मात्र जाडीपेक्षा थोडा जास्तच.

ड्रॉ पंचाचा माथा कटिंग रिंगच्या, म्हणजे खालच्या कापणाऱ्या कड्याच्या, पातळीखाली राहायलाच हवा, नाहीतर चकती सुटण्याआधीच पत्रा ओढला जातो. रिंगला धार लावली की तिची उंची घटते, मग रिंगखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला किंवा ड्रॉ पंच उतरवा. ग्राइंडिंगनंतर पहिले तुकडे बिघडले तर आधी इथंच बघावं.

वॉशरची कंपाउंड डाय यापेक्षा सरळ: भोक आणि घेर एकाच ठोक्यात, पण दोन्ही वेळा कापणंच. प्रोग्रेसिव्ह डायमध्ये पत्र्याची पट्टी स्टेशनमागून स्टेशन सरकत जाते. कोल्हापूरच्या उद्यमनगर किंवा शिरोलीतल्या छोट्या शेडला शेपाचशे नगांचीच ऑर्डर असेल, तर माझ्या मते कॉम्बिनेशन डायच्या भानगडीत पडूच नये. दोन साध्या डाय आणि दोन ठोके स्वस्त पडतात.