पुढचं चाक आणखी पुढे का गेलं?

कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवायची म्हणजे सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, उतरून खाडीवर यायचं, फेरीबोट धरायची आणि पलीकडे पुन्हा सडा चढायचा. बाणकोट, दाभोळ, जयगड, सगळीकडे हेच. गेल्या तीस वर्षांत माउंटन बाइकची फ्रेम का बदलली, हे सपाटीवर उमगत नाही. अशा चढउतारांवर उमगतं.

माउंटन बाइक जन्मली १९७०च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या माउंट तमाल्पाइसच्या उतारांवर. पण पुढे शर्यती वाढल्या तशी तिची मापं रस्त्यावरच्या रेसिंग सायकलींच्या वळणावर गेली. १९९०च्या दशकात हँडलखालच्या नळीचा जमिनीशी कोन, म्हणजे हेड अँगल, साधारण ७१ अंश असे. आज डोंगरातल्या पायवाटांसाठीच्या माउंटन बाइकचा, म्हणजे ट्रेल बाइकचा, ६५च्या आसपास असतो, म्हणजे नळी जास्त कललेली. सहा अंशांनी असं काय होणार?

१५ टक्क्यांच्या उतारावर सायकल साडेआठ अंश पुढे झुकते. ७१चा कोन तिथे साडेएकोणऐंशी होतो, पुढचं चाक धरणारा चिमटा जवळजवळ उभा. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून जायलाच बसलेला. ६५चा कोन साडेत्र्याहत्तरवर थांबतो आणि चाकही पुढे राहतं.

दुसरी गोष्ट ट्रेल नावाच्या मापाची; हा ट्रेल म्हणजे पायवाट नव्हे. नळीची रेषा जमिनीपर्यंत वाढवा. ती टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल. जुन्या २६ इंची चाकांच्या सायकलीत ते सुमारे ७५ मिलिमीटर, आजच्या २९ इंचीत १२० च्या पुढे. जांभ्याच्या सुट्या खड्यांवर चाक भरकटलं तरी स्वतःच सरळ व्हायला बघतं, ते यामुळे.

आता चाक पुढे गेलं म्हटल्यावर बाकीचं जागेवर कसं राहील? फ्रेम लांबली, हँडल पुढे धरणारा स्टेम १२०-१३० मिलिमीटरवरून ४०-५० वर आला, हँडल रुंद झालं. चढावर पुढचं चाक उचललं जाऊ नये म्हणून सीटच्या नळीचा कोनही ७३ वरून ७६-७७ वर गेला. म्हणून एकटा हेड अँगल बघून सायकल जोखण्यात अर्थ नाही.

कोन घरीही मोजता येतो. सायकल सपाट खळ्यात सरळ उभी करायची, चिमट्याच्या वरच्या सरळ नळीला मोबाइल टेकवायचा आणि कोन मोजणारं ॲप उघडायचं.

हे सगळं फुकट मात्र मिळत नाही. हळू चढताना हँडल जड लागतं, पुढचं चाक डावी-उजवीकडे लोळतं. गडग्यांमधल्या अरुंद पाखाडीच्या वळणावर लांब सायकल अडते. जुनी २६ इंची तिथून सहज निघते. डांबरी रस्ता आणि अधूनमधून सड्यावरची पायवाट एवढंच करणाऱ्याला माझ्या मते ६७-६८ अंश भरपूर झाले. ६४ची सायकल त्याने घेऊ नये, दुकानदार कितीही म्हणाला तरी.