रॉड्रिग्जचा अर्धा सेकंद

"इंटरनेट उपग्रहावरून येतं ना?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की उत्तर तोंडपाठ आहे: नाही, देशोदेशींची जवळजवळ सगळी वाहतूक समुद्रतळावरच्या केबलमधून होते. पण मॉरिशसच्या रॉड्रिग्ज बेटावर २०१९ पर्यंत हे उत्तर चुकलं असतं. तिथे खरोखरच सगळं उपग्रहावरून यायचं.

मॉरिशसमध्ये मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तसा टेलिफोनचाही एक धागा आहे. खाजगी मोबाइल कंपनी तिथे १९८९ मध्येच सुरू झाली. २००१ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आलं, २००३ पासून सरकारी कंपनीची मक्तेदारी संपली आणि दार उघडल्यावर आत गेलेल्यांत मुंबईकरांची एमटीएनएलही होती. तिची उपकंपनी तिथे 'चिली' नावाने सेवा देते. स्पर्धा आली की फोन स्वस्त होतो, हे खरंच. पण स्पर्धा आली की नेट आपोआप वेगवान होतं, ही समजूत मात्र मला खोडून काढायची आहे. रॉड्रिग्जची अडचण परवान्यांची नव्हती, अंतराची होती.

भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा, विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला सुमारे ७२,००० किमी, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद. उत्तर यायला आणखी पाव. जुन्या आयएसडी कॉलवर आपण बोलायचो, मग शांतता, मग दोघं एकदम "हॅलो, बोल बोल" करायचो. ती शांतता हीच.

माणसं थांबतात, तसा संगणकही थांबतो, आणि खरी गंमत इथे आहे. संगणक माहिती सलग ओतत नाही. थोडी पाठवतो, 'पोचली' अशी पावती येईपर्यंत थांबतो, मग पुढची. पावतीशिवाय किती पाठवायचं याला मर्यादा असते. मूळ नियमात ती ६४ किलोबाइट होती. पावतीला अर्धा सेकंद लागला, तर सेकंदाला १२८ किलोबाइट, म्हणजे (एका बाइटमध्ये आठ बिट) जेमतेम १ मेगाबिट. वाहिनी कितीही रुंद घ्या, एका जोडणीला त्याहून जास्त मिळणार नाही! नंतर ही मर्यादा वाढवण्याच्या युक्त्या निघाल्या, पण पावतीची वाट पाहणं काही सुटलं नाही. जाहिरातीत छापलेला मेगाबिटचा आकडा फक्त नळाची रुंदी सांगतो; पाणी किती लांबून येतंय ते सांगत नाही.

आता केबल पाहा. मॉरिशस ते रॉड्रिग्ज सुमारे ७०० किमी. काचेत प्रकाश मंदावतो, सेकंदाला साधारण २ लाख किमी, तरी एका बाजूला साडेतीन मिलिसेकंद. जाऊन-येऊन सात. तीच ६४ किलोबाइटची मर्यादा धरली तरी वेग ७० मेगाबिटच्या पुढे जातो.

हल्ली ५५० किमी उंचीवरच्या उपग्रहांमुळे केबल मोडीत निघतील, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. उंची कमी झाल्याने त्यांचा विलंब खरोखरच कमी आहे, आणि केबल न पोचलेल्या बेटाला ते वरदान ठरतील. पण केसाएवढ्या एका काचतंतूतून अवरक्त प्रकाशाच्या डझनावारी तरंगलांबी एकाच वेळी धावतात, प्रत्येक स्वतंत्र वाहिनी, आणि केबलमध्ये असे अनेक तंतू. एवढा भार उचलणं त्या उपग्रहांच्या आवाक्यात नाही.

रॉड्रिग्जच्या पोर्ट माथुरिनहून मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईला केबलवरून फोन लावला, तर आवाज समुद्र ओलांडून पलीकडे पोचायला तळावर जेमतेम साडेतीन मिलिसेकंद लागतात. "बोल बोल" म्हणायची वेळच येत नाही.