ईश्वरश्रद्धा, नास्तिकता आणि नीती (बेळगाव सीमाभाग)

चांगले-वाईट देवाच्या आज्ञेने ठरते, देव असो वा नसो ते मुळातच ठरलेले असते, की माणसे आपापसांत ठरवतात, हा नीतिशास्त्रातला जुना वाद आहे. कुणाच्या आवडीनिवडीवर किंवा गावच्या रूढीवर न अवलंबणाऱ्या नीतीला वस्तुनिष्ठ नीती म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात मराठी आणि कन्नड घरे भिंतीला भिंत लागून आहेत. सौंदत्तीची यल्लम्मा आणि चिंचलीची मायाक्का दोघांच्याही आहेत. इथे हा वाद पोथ्यांपेक्षा शपथेत, ताटात आणि देवीच्या नावाने सोडलेल्या मुलींच्या आयुष्यात जास्त दिसतो.

बांधावरून किंवा उसनवारीवरून भांडण पेटले की ‘बेलभंडार (देवाचा बेल आणि हळद) उचलून सांग’ असे आव्हान दिले जाते. खोटे बोलणाऱ्याच्या घरादारावर देवीचा कोप होईल, या भयावर त्या शपथेची सारी मदार. ‘देव मानत नाही, त्याच्या शब्दाचा काय भरवसा’ ही नास्तिकाबद्दलची शंका त्यातूनच येते. ती समजण्यासारखी आहे, पण टिकत नाही. कोपाला भिऊन खरे बोलणारा माणूस भय नसेल तिथे काय करील, हा प्रश्न उरतोच. १९६९ च्या शपथ अधिनियमानुसार साक्षीदाराला ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञेवर साक्ष देता येते आणि ती कायद्याने कमी दर्जाची ठरत नाही.

देव नसला तर नीती ढासळते, या समजाला सर्वांत ठोस उत्तर याच मातीत आहे. या जिल्ह्यात जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर तेराव्या शतकाच्या आरंभी, रट्ट राजांच्या काळात उभे राहिले. निपाणीजवळच्या स्तवनिधी येथे १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. जैन मत जगाचा कर्ता आणि न्यायनिवाडा करणारा ईश्वर मानत नाही. तीर्थंकरांची पूजा होते, पण ते कुणाला शिक्षा करत नाहीत, वरदानही देत नाहीत. कर्माचे फळ कर्मच देते. तरीही दिवस मावळायच्या आत जेवण, गाळलेले पाणी आणि कंदमुळे वर्ज्य, इतका कडक नेम घराघरांत पाळला जातो. नांगर फिरला की जीवजंतू मरणार, मग शेती करायची कशी? यासाठी हिंसेचे संकल्पी, आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (पोटाच्या धंद्यात होणारी) आणि विरोधी (स्वसंरक्षणात होणारी) असे भेद केले आहेत. गृहस्थाला यातली संकल्पी, म्हणजे जाणूनबुजून मारण्याच्या हेतूने केलेली हिंसा पूर्ण वर्ज्य. पोटासाठीच्या धंद्यात होणारी हिंसा त्याने शक्य तितकी कमी करायची. आज्ञा देणारा वर कोणी नसताना इतका बारीक विचार उभा राहतो, ही गोष्ट नीतीच्या चर्चेत यावी तितकी येत नाही.

देवदासी प्रथेचा दाखला याच्या उलट बाजूचा आणि अधिक वेदनेचा आहे. केसांत जट आली की देवीचे बोलावणे समजून मुलगी यल्लम्माला सोडली जाई. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधली की तिचे लग्न कायमचे बंद. नवससायास आणि घरची गरिबीही याला कारण होत. बळी गेल्या त्या मुख्यतः दलित घरांतल्या मुली. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना या प्रथेविरुद्ध १९३४ चा कायदा आला, कर्नाटकाने १९८२ मध्ये नवा केला. सीमेपलीकडे गडहिंग्लजला १९७५ मध्ये देवदासींची परिषद भरली आणि निपाणीतही चळवळ उभी राहिली. या लढ्यात नास्तिक कार्यकर्ते होते. परडी (देवीच्या नावाची टोपली) भरणाऱ्या, आजही देवीला नैवेद्य नेणाऱ्या बायाही होत्या. त्यांचे म्हणणे असे की लेकीचे असे वाटोळे देवी मागणारच नाही. हे म्हणणे साधे वाटते, पण त्यात देवीच्या नावाने चालणाऱ्या रूढीला न्यायाच्या कसोटीवर घासले आहे. देवाला आवडते म्हणून चांगले, की चांगले म्हणून देवाला आवडते, हा ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने मांडलेला पेच या बायांनी आपल्या अनुभवातून सोडवला, आणि माझ्या मते तो बरोबर सोडवला.

आस्तिक परंपरेतही हा धागा आहे. बाराव्या शतकात बसवण्णांनी दयेला धर्माचे मूळ म्हटले. तुकोबांनी परोपकाराला पुण्य आणि परपीडेला पाप म्हटले. दोघेही भक्त, पण पापपुण्याची ही ओळख नास्तिकालाही मान्य व्हावी अशी आहे.

मतभेदाची किंमत मात्र जबर मोजावी लागली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर (पुणे, २०१३), कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे (कोल्हापूर, २०१५) आणि कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी (धारवाड, २०१५) यांच्या हत्यांनी हा सारा टापू हादरला. तिघांची मते एकसारखी नव्हती. कलबुर्गी तर बसवण्णांसारख्या संतांच्या वचन साहित्याचे अभ्यासक. कर्नाटकाचा अमानुष प्रथा व काळी जादू प्रतिबंधक कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०२० पासून लागू झाला. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा यांना त्यात धक्का नाही; शरीराला इजा करणाऱ्या आणि माणसाला हीन लेखणाऱ्या प्रथांवर बंदी आहे. जाणती बाई आपणहून जट वाढवत असेल, तर मात्र कायद्यापेक्षा समजावणेच कामी येते. मान अवघडते, केस धुता येत नाहीत, उवा होतात. तरी कोपाच्या धास्तीने तिला कात्री नको असते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरच्यांसह तिच्याशी बोलतात आणि तिने होकार दिल्यावरच जट कापतात.