ओपन कॅरी आणि पोलिसांनी अडवल्यावरचे हक्क

ओपन कॅरी म्हणजे बंदूक लपवून न ठेवता सगळ्यांना दिसेल अशी जवळ बाळगून फिरणं, कमरेच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल किंवा खांद्याला पट्ट्याने अडकवलेली रायफल. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतला. शर्टाखाली किंवा पर्समध्ये लपवून नेली तर ते कन्सील्ड कॅरी, आणि दोन्हींचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. अजून एक फरक आहे जो बरेच जण विसरतात, बंदूक होल्स्टरमध्ये असेपर्यंत ती फक्त बाळगलेली असते, पण हातात घेऊन कोणाच्या रोखाने धरली किंवा धाक दाखवायला बाहेर काढली की तो ब्रँडिशिंगसारखा सरळ गुन्हा होतो, मग ओपन कॅरी कायदेशीर आहे वगैरे बोलून उपयोग नसतो.

आपल्याकडे परवान्याचं पिस्तूल असलेला माणूससुद्धा ते झाकून ठेवतो, त्यामुळे दिसणारी बंदूक जास्त सभ्य कशी हे पटकन पचत नाही. पण १९व्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत लोक तसंच मानायचे. लपवून हत्यार नेतो तो दगाबाज, उघड नेतो तो मर्द, असा एकूण हिशोब. १८४६ मध्ये जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने लपवलेल्या हत्यारांवरची बंदी चालेल म्हटलं पण उघड बाळगण्यावरची बंदी रद्द केली. वेस्टर्न सिनेमे बघून वाटतं की काऊबॉयच्या गावात जो तो बंदूक लटकवून फिरत असेल, प्रत्यक्षात गावात शिरताना बंदूक जमा करायची असा नियम बऱ्याच ठिकाणी होता. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावाने १८८१ मध्ये तसा वटहुकूम काढला होता आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला ओके कोरालची जी प्रसिद्ध चकमक झाली ती गावात हत्यारं घेऊन फिरणाऱ्यांना निःशस्त्र करायच्या भानगडीतूनच पेटली.

पँथर आणि मलफर्ड कायदा

पोलिस आणि ओपन कॅरी हा विषय खरा सुरू होतो कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. १९६६ च्या ऑक्टोबरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघड बाळगायला मनाई नव्हती, मग हे लोक बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे जायचे आणि पोलिसांनी एखाद्या काळ्या माणसाला अडवलं की कायद्याने ठरेल तेवढ्या अंतरावर उभं राहून बघायचे, वर त्या माणसाला त्याचे हक्क ओरडून सांगायचे. पोलिसांना हे अर्थातच झेपलं नाही. आमदार डॉन मलफर्ड यांनी विधेयक आणलं, त्याला विरोध म्हणून २ मे १९६७ ला पँथरवाले बंदुकांसकट सॅक्रामेंटोच्या विधानभवनात घुसले, आणि त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही करून शहरात भरलेली बंदूक उघड बाळगणं बंद केलं. त्या वेळी नॅशनल रायफल असोसिएशनचाही या कायद्याला पाठिंबा होता! बंदूक तीच, हक्कही तोच, पण हात कोणाचे आहेत यावर सगळ्यांची मतं बदलतात, आणि हे पुढेही पुन्हा पुन्हा दिसतं.

आता कुठे चालतं

अमेरिकेत बंदुकीच्या हक्काबद्दलची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, पण बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं ते २००८ मध्ये हेलर खटल्यात, तेही घरापुरतं. घराबाहेरही तो हक्क लागू आहे हे २०२२ च्या ब्रुएन निकालात आलं. तरी न्यूयॉर्क, इलिनॉय अशा राज्यांत ओपन कॅरी चालत नाही. टेक्सासमध्ये रायफल आधीपासून चालायची, पिस्तूल उघड लावायला परवानाधारकांना १ जानेवारी २०१६ पासून मुभा मिळाली आणि १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याचीही गरज उरली नाही. परवान्याशिवाय बाळगू देणाऱ्या राज्यांचा आकडा २०२४ मध्ये २९ वर गेला. फ्लोरिडा म्हणजे बंदूकवाल्यांचं राज्य अशी ख्याती, पण तिथे ओपन कॅरीवर कित्येक वर्षं बंदी होती, ती २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने घटनाबाह्य ठरवली.

खासगी जागेचा मालक मात्र नाही म्हणू शकतो. डॅलस-ह्यूस्टनकडे राहणाऱ्यांनी दुकानांच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरांतली ३०.०७ ची पाटी बघितली असेल, ती ओपन कॅरीला मनाई करणारी, आणि ३०.०६ लपवलेल्या बंदुकीसाठी. अक्षर किमान एक इंच उंच हवं इथपर्यंत कायद्यात लिहिलंय.

पोलिसाने हटकलं तर

समजा माणूस कुत्रं फिरवतोय, कमरेला पिस्तूल आहे, राज्यात ते कायदेशीर आहे. पोलिस त्याला थांबवू शकतो का? गप्पा मारायला कधीही येऊ शकतो, त्याला काही कारण लागत नाही, आणि उत्तर न देता निघून जायचा हक्कही तेवढाच पक्का. पण अडवून ठेवायचं म्हणजे डिटेन करायचं असेल तर हा माणूस गुन्हा करतोय किंवा करणार आहे असा ठोस गोष्टींवर उभा असलेला संशय हवा, हे १९६८ च्या टेरी विरुद्ध ओहायो या क्लीव्हलंडच्या खटल्यापासून ठरलंय. अंगझडतीला त्याहून वेगळी अट, माणूस सशस्त्र आणि धोकादायक आहे असं वाटायला कारण हवं. अटकेला तर अजून भक्कम कारण लागतं. आता गंमत अशी की जिथे बंदूक बाळगणं हाच गुन्हा नाही तिथे नुसती बंदूक दिसली यावरून गुन्ह्याचा संशय येणार कसा?

कुत्र्याचं उदाहरण काल्पनिक नाहीये. ओहायोतल्या टोलेडो शहरात २०१० मध्ये एक गृहस्थ घरच्यांबरोबर कुत्रं घेऊन निघाले होते, एका मोटरसायकलवाल्याने बघितलं आणि ९११ ला फोन केला, पोलिसाने येऊन पिस्तूल काढून घेतलं, हातकड्या घातल्या आणि गाडीत बसवून ठेवलं. २०१५ मध्ये सहाव्या सर्किट कोर्टाने (सर्किट म्हणजे काही राज्यांसाठीचं फेडरल अपील कोर्ट) पोलिसाच्या विरोधात कौल दिला, म्हणजे त्याला खटल्यातून सूट मिळणार नाही असं सांगितलं. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की राज्याने हे कायदेशीर केलंय, कोणाला आवडत नसेल तर विधिमंडळात जा, रस्त्यावर पोलिसाने स्वतःचा कायदा करायचा नाही. निनावी फोनबद्दल तर सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच एकमताने सांगितलं होतं की बस स्टॉपवर उभ्या अमुक शर्टवाल्याकडे बंदूक आहे एवढ्या टिपवर झडती घेता येत नाही.

पण लगेच छाती फुगवायची गरज नाही. त्याच सहाव्या सर्किटने २०१२ मध्ये टेनेसीच्या एका माणसाला हरवलं होतं, तो नॅशव्हिलजवळच्या स्टेट पार्कमध्ये लष्करी छापाचे कपडे घालून एके-४७ सारखं दिसणारं पिस्तूल गळ्यात अडकवून फिरत होता आणि नळीचं टोक त्याने नारिंगी रंगवलं होतं (खेळण्यातल्या बंदुकीला असतं तसं). ते हत्यार पिस्तुलाच्या व्याख्येत बसतं की नाही हे बघायला रेंजरने थांबवलं त्यात कोर्टाला काही चूक दिसली नाही. आणि २०१७ मध्ये चौथ्या सर्किटने वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात म्हटलं की सीटबेल्टसारख्या दुसऱ्या कायदेशीर कारणाने गाडी थांबवली असेल आणि आत बसलेल्याकडे बंदूक आहे असं वाटायला कारण असेल, तर तो सशस्त्र आहे म्हणजेच धोकादायक आहे असं धरून झडती घेता येते, परवाना असो नसो. म्हणजे एका कोर्टाच्या हद्दीतलं पाठ केलेलं वाक्य दुसरीकडे चालेलच असं नाही.

ओपन कॅरीवाल्यांच्या तोंडी दोन प्रश्न कायम असतात, ॲम आय बीइंग डिटेन्ड आणि ॲम आय फ्री टू गो. हे टिंगलीचा विषय झालेत खरे पण कायद्याने महत्त्वाचे आहेत, कारण पोलिसाच्या उत्तरावरून ही गप्पा आहे की डिटेन्शन हे नंतर कोर्टात दाखवता येतं. नाव सांगावं का? २००४ च्या नेवाडातल्या हीबल खटल्यानुसार राज्यात तसा कायदा असेल आणि संशयाने रीतसर अडवलं असेल तर नाव सांगणं सक्तीचं करता येतं. बाकी प्रश्नांना गप्प राहता येतं, फक्त मी गप्प राहण्याचा हक्क वापरतोय असं तोंडाने बोलावं लागतं, कारण २०१३ च्या टेक्सासच्या एका खटल्यात अटकेआधी एक माणूस नुसताच गप्प बसला आणि ती शांतताच त्याच्याविरुद्ध वापरली गेली, सुप्रीम कोर्टाने ते चालवून घेतलं. झडतीला संमती नाही हे शब्दांत सांगायचं, हाताने अडवायचं नाही. बंदुकीकडे हात न्यायचा नाही, दाखवायलासुद्धा नाही. विनाकारण झडती आणि अटकेपासून वाचवणारी चौथी दुरुस्ती कितीही बाजूने असली तरी तिच्यावर वाद घालायची जागा कोर्ट आहे, फुटपाथ नाही. पोलिसांचं शूटिंग करता येतं, त्यावर पहिल्या सर्किटचा २०११ चा आणि पाचव्याचा २०१७ चा निकाल आहे.

हे सगळं एका बाजूला आणि फिलँडो कॅस्टिल एका बाजूला. ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स. गाडी थांबवली, त्याच्याकडे लपवलेल्या बंदुकीचा परवाना होता, त्याने शांतपणे पोलिसाला सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे, आणि काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडून त्या काळ्या माणसाला ठार केलं. पुढच्या वर्षी ज्यूरीने पोलिसाला निर्दोष सोडलं. कॅस्टिल गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ७ जुलै २०१६ ला, डॅलसमध्ये अशा पोलिस गोळीबारांच्या निषेधाच्या मोर्चात पोलिसांवर गोळीबार झाला तेव्हा रायफल उघड घेऊन आलेल्या एका काळ्या मोर्चेकऱ्याचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून ट्विटरवर टाकला, तो बिचारा स्वतःच पोलिसाकडे जाऊन रायफल देऊन आला होता.

अमेरिकेतल्या मराठी लोकांसाठी वेगळी गोष्ट म्हणजे एच-१बी, एफ-१ किंवा टुरिस्ट व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायलाच मनाई आहे, राज्य कितीही ढिलं असो. अपवाद थोडे, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचा चालू शिकारीचा परवाना. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाणंही यात येऊ शकतं, फ्लोरिडात व्हिसा संपलेल्या एका विद्यार्थ्यावर रेंजवर नेम मारल्याबद्दलच खटला झाला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तिथे २०१९ मध्ये ठरलं की आपलं स्टेटस काय आहे हे आरोपीला माहीत होतं हेही सरकारी पक्षाने सिद्ध करायला हवं.