गोबरगॅसचा मिथेन आणि दगडाचा मिथेन

परग्रहावर मिथेन वायू सापडल्याची बातमी सकाळी येते आणि दुपारपर्यंत आमच्या पानठेल्यावर त्या ग्रहावर गाई चरायला लागतात. मिथेन म्हणजे जीवसृष्टी, असं सगळ्यांचं ठरलेलं. ऐकून कान किटले.

गोबरगॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो वऱ्हाडात काय समजावायचा! शेण कालवलं, टाकीत सोडलं, आत हवा नाही, सूक्ष्मजीव कामाला लागले, ड्रम वर आला. वणीच्या कोळशातला मिथेनही याच खात्यात, तो जुन्या झाडांचा.

दुसरा दगडाचा. ऑलिव्हिन नावाचं हिरवट खनिज भरलेल्या खडकात पाणी मुरलं की हायड्रोजन सुटतो, तो कार्बन डायऑक्साइडशी जुळला की मिथेन. ना जनावर, ना शेण. तुर्कस्तानात यानार्ताशच्या डोंगरातून असल्या वायूच्या ज्वाळा शतकानुशतकं निघताहेत.

रेणू दोन्हीकडे तोच. हलक्या-जड कार्बनवरून ओळखू म्हणाल (सजीवांच्या मिथेनमध्ये हलका कार्बन जास्त), तर दगडही कधीकधी हलका माल काढतो. सोडा ते.

खरा घोळ प्रश्नातच आहे. लोक विचारतात, ‘मिथेन आहे का?’ अहो, विचारायचं असतं, ‘रोज भर किती पडते?’ गेल्या वर्षी आम्ही दोन म्हशी विकल्या. शेगडी तीच, चहा तेवढाच, पण दोन महिन्यांत ड्रम अर्ध्यावर येऊन बसला. ग्रहावर ही शेगडी म्हणजे सूर्यप्रकाश. आपल्या हवेत मिथेन जेमतेम दहा-बारा वर्षं टिकतो, मंगळावर काही शतकं. म्हणजे आज दिसतोय तो कुठून तरी अजून येतोय. थोडा असेल तर दगड पुरतो. दगडाला झेपणार नाही इतका असेल, तर सोबत कोणता वायू आहे ते बघायचं. ज्वालामुखीने ढीगभर मिथेन ओकला तर बरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि तो तर सूक्ष्मजीवांचं खाद्य. म्हणून मिथेन भरपूर, कार्बन डायऑक्साइडही आहे, पण मोनॉक्साइड नावालाच, असं दिसलं तर मीसुद्धा खुर्चीत सरसावून बसेन.

मंगळाचं तसं नाही. जून २०१९ मध्ये मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी गाडीला अब्जात २१ भाग मिथेन मिळाला, आणि काही दिवसांत तो एकच्याही खाली गेला. वरून फिरणाऱ्या ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानाला तर काहीच सापडलं नाही. सूर्यप्रकाश इतक्या लवकर मिथेन खात नाही. तेव्हा भोक ड्रमला तरी आहे, नाहीतर मोजमापात.