अपत्याचा ताबा व बालहित (नाशिक जिल्हा)

घटस्फोट झाल्यावर किंवा आईवडील वेगळे राहू लागल्यावर अज्ञान (18 वर्षांखालील) अपत्य कोणाजवळ राहावे, दुसऱ्याने त्याला केव्हा भेटावे व खर्च कोणी सोसावा, हे ठरवताना अपत्याचे कल्याण सर्वोपरी मानण्याचे तत्त्व. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 (कलम 13) यात ते स्पष्ट शब्दांत आहे. पालक व पाल्य अधिनियम, 1890 (कलम 17) यात पाल्याचे वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य व कुवत आणि जाणत्या पाल्याची पसंती या कसोट्या दिल्या आहेत.

या तत्त्वाच्या उगमाविषयी एकमत नाही. बालकाला वारशाने आलेल्या धनाचे रक्षण त्याचे बाल्य सरेपर्यंत राजाने करावे, असे मनुस्मृती (8.27) सांगते, त्यावरून हा विचार एतद्देशीय ठरवला जातो. मात्र तेथे प्रश्न धनाचा आहे, हयात आईबापांच्या वादात मूल कोठे राहावे याचा नाही. मुस्लिम कायद्याच्या हनफी परंपरेतील हिजानत (लहान मुलाच्या संगोपनाचा व ताब्याचा हक्क) ताब्याच्या प्रश्नाला अधिक थेट भिडते : मुलगा 7 वर्षांचा व मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ. पण हा हक्क आईचा की मुलाचा, यावर धर्मशास्त्र्यांतच मतभेद आहेत. आजचे न्यायालयीन रूप इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाच्या, राजा हा निराधारांचा पालक या भूमिकेतून आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथेही आधी बापाचाच हक्क जवळजवळ निरपवाद होता. 1839 च्या कायद्याने 7 वर्षांखालील मुलांसाठी आईला दाद मागता येऊ लागली आणि कल्याणाला अग्रस्थान देणारी तरतूद 1925 मध्ये कायद्यात आली. भारतात 1956 च्या अधिनियमाने बापाला पहिला नैसर्गिक पालक (न्यायालयाने न नेमता नात्यानेच ठरणारा) ठेवले, पण 5 वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहील असे म्हटले. बापाच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात (1999) मान्य केले.

कुटुंब न्यायालये अधिनियम, 1984 अन्वये 10 लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात असे न्यायालय हवे. नाशिक शहराची लोकसंख्या 2011 मध्ये सुमारे 14.86 लाख होती. येथे कुटुंब न्यायालय आहे. समेटाचा प्रयत्न तेथे बंधनकारक असून समुपदेशकाची मदत मिळते.

अधिकारक्षेत्राचा मुद्दा मात्र किचकट आहे. 1890 च्या अधिनियमानुसार (कलम 9) पाल्य सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. आई मुलाला घेऊन येवला किंवा निफाड तालुक्यातील माहेरी गेली, तर मुलाचे 'सामान्य वास्तव्य' कोणते, यावरच पहिल्या तारखा खर्ची पडू शकतात. तोवर मूल शाळेत, शेजारात रुळते. पुढे त्याला हलवणे अहिताचे ठरते आणि तात्पुरता ताबाच निकालाचे काम करतो. सर्वोपरी म्हटलेल्या हिताला सर्वांत मोठी इजा येथे, विलंबाने होते. चालू दाव्यात मुलांच्या पोषण व शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असे हिंदू विवाह अधिनियम, 1955 (कलम 26) सांगतो. ताब्याच्या अर्जाला तशी मुदत त्यात नाही, ही उणीव गंभीर आहे. परस्परसंमतीने घटस्फोट घेताना ठरलेल्या अटीही न्यायालय मुलाच्या हितासाठी बदलू शकते. रोझी जेकब खटल्यात (1973) सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत असे बजावले.

मालेगावात मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत हिजानतचे नियम विचारात घेतले जातात, तरी अखेरची कसोटी कल्याणाचीच. सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी, वारली इत्यादी अनुसूचित जमातींना केंद्राच्या अधिसूचनेशिवाय 1955 व 1956 चे अधिनियम लागू होत नाहीत. तेथे काडीमोड रूढीनुसार होते. मुलासाठी दाद मागायची झाल्यास 1890 चा अधिनियम उपलब्ध आहे.