छातीतला डाग आणि पेट-सीटी : मागची गोष्ट

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत छातीच्या एक्स-रेवर डाग निघाला की आधी टीबीचं नाव येतं. मनोरमाराजे टीबी हॉस्पिटल, म्हणजे सगळ्यांचं एमआरटीबी, इथल्या बोलण्यात मुरलेलं आहे. आता त्याच डागासाठी डॉक्टर पेट-सीटी (शरीरात साखर कुठे जास्त ओढली जाते ते दाखवणारा पेट स्कॅन आणि सीटी स्कॅन एकत्र) लिहून देतात आणि घरचे समजतात, कॅन्सर आहे की नाही याचा सोक्षमोक्ष लागला. पण कॅन्सर ओळखण्यासाठी ही तपासणी जन्मलीच नव्हती.

पॉझिट्रॉन हा कण कार्ल अँडरसन यांना १९३२ मध्ये सापडला. त्याआधीच, १९२० च्या दशकात, ओटो वारबुर्ग यांनी दाखवलं होतं की गाठीच्या पेशी साखर भराभर ओढतात. या दोन गोष्टींची गाठ पडायला अर्धं शतक गेलं. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत साखरेला पॉझिट्रॉन सोडणारं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून एफडीजी हे औषध तयार झालं, ते विमानाने फिलाडेल्फियाला नेलं आणि ऑगस्ट १९७६ मध्ये पहिल्यांदा माणसाला टोचलं. पाहायचा होता मेंदू. छातीचा नंबर बराच नंतर लागला. फुफ्फुसातली एकटी गाठ आणि कॅन्सरची स्टेज यांसाठी अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने १९९८ मध्ये पैसे द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी पिट्सबर्गला डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांचं पेट आणि सीटी एकत्र करणारं पहिलं यंत्र चालू झालं. छातीसाठी हे फार मोलाचं ठरलं, कारण नुसत्या पेटवर चकाकणारी गाठ नेमकी कुठल्या लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथीत) आहे हे सांगणं अवघड जाई.

भारतात पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे फ्लोरिन-१८ सारखी द्रव्यं बनवणारं यंत्र, २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. म्हणजे औषध दुसऱ्या गावाहून यायचं तर पावणेचार तासांत पावच उरतं. मग आपल्या कॅटमध्येच (इंदूरचं अणुऊर्जा खात्याचं संशोधन केंद्र, आताचं आरआरकॅट) का बनत नाही, असं कुणीही इंदूरकर विचारेल. तिथल्या इंडस यंत्रांत इलेक्ट्रॉन फिरतात, तेही सिंक्रोट्रॉन प्रकाशासाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन वळताना निघणाऱ्या किरणांसाठी. फ्लोरिन-१८ ला ऑक्सिजन-१८ च्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा लागतो, ते काम वेगळं.

पेशंटच्या वाट्याला मात्र साधाच कार्यक्रम येतो. चार-सहा तास उपाशी, शुगर तपासायची, इंजेक्शन, मग तासभर गप्प पडून राहायचं. थंडी वाजू नये म्हणून पांघरूण देतात, कारण गारठलेल्या माणसाची मानेजवळची तपकिरी चरबी साखर जाळते आणि फिल्मवर उगाच चमकते.

खरी गोम इथेच आहे. एफडीजी फक्त साखरेची ओढ दाखवतं, आणि टीबीच्या गाठीतल्या दाहाच्या पेशीही साखर तितक्याच हावरटपणे ओढतात. सारकॉइडोसिस या कॅन्सर नसलेल्या दाहाच्या आजाराचंही तेच. उलट कार्सिनॉइडसारखी सुस्त, हळू वाढणारी कॅन्सरची गाठ किंवा आठ-दहा मिलिमीटरपेक्षा लहान डाग नजरेतून निसटू शकतो. एसयूव्ही (गाठीने किती एफडीजी ओढलं त्याचं माप) २.५ च्या वर म्हणजे कॅन्सर, हा ठोकताळा टीबी तुरळक असलेल्या देशांत रुजला. तो इथे जसाच्या तसा लावणं मला घाईचं वाटतं. टीबीचं सहा महिन्यांचं औषध पुरं करून बरे झालेल्यांची फुफ्फुसंही स्कॅनवर काही ठिकाणी पेटलेली दिसतात. म्हणून इथले छातीचे डॉक्टर रिपोर्ट हातात असूनही थुंकी तपासायला सांगतात, आणि शंका उरली तर सुई घालून तुकडा काढतात. पेटचा उपयोग तेव्हा इतकाच, की सुई कुठे घालायची ते कळतं.